पाठमोरी

‘चेहरा आपल्या मनाने काढावा.’ हे वाक्य केरू शिवलकरने पुन्हा एकदा वाचलं आणि पोस्टकार्ड टेबलावर पालथं घातलं. बाकी मजकुरात नाव ठेवायला जागा नव्हती. मुंबईच्या त्या सिनेमासिकाच्या संपादकांनी मोठ्या आपुलकीने लिहिलं होतं की ‘मसणवटीची सून’ नावाचा भुताचा बोलपट पावसाळ्यात लागायचा आहे, त्या अंकाचं मुखपृष्ठ रत्नागिरीच्या आपल्या जुन्या पेंटरनेच करावं अशी त्यांची इच्छा आहे. रंग तीनच, काळा, तांबडा आणि पिवळा. मधोमध हडळ, केस मोकळे, पावलं उलटी. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव छापू. फक्त नटीचा फोटो मिळणार नव्हता. हडळीचं तोंड आधीच दाखवलं तर तिकीट काढून बघायला कोण येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं. तेव्हा चेहरा आपल्या मनाने काढावा आणि पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आत चित्र पाठवून द्यावं. रामआळीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात केरू घामाने निथळत बसला होता. बाहेर वैशाखातलं ढगाळ, कोंदट ऊन होतं. आपल्या मनाने म्हणजे कुठून, हा प्रश्न त्याच्या डोक्यात माशीसारखा फिरू लागला आणि काही केल्या उठून जाईना.

कारण केरू पेंटरने आजवर मनाने एकही तोंड काढलं नव्हतं. हे गावात कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवर त्याने काढलेले मयत आजोबा आणि मयत काका टांगलेले होते, आणि बघणारा प्रत्येकजण म्हणायचा, अगदी बोलतील असे आहेत. पण ते सगळे फोटोवरून केलेले. फोटोवर बारीक चौकटी पाडायच्या, कागदावर मोठ्या चौकटी पाडायच्या, मग फोटो आणि कागद दोन्ही उलटे, डोकं खाली असे ठेवायचे आणि एकेक चौकट भरत जायची. ही उलटं ठेवण्याची रीत तो मुंबईत नाटक कंपनीचे पडदे रंगवताना शिकला होता. तोंड सुलटं असलं की हात शहाणपणा करतो, नाक दिसलं की त्याला माहीत असलेलं नाक काढतो. उलटं असलं म्हणजे नाक नाक राहत नाही, नुसती एक सावली राहते, आणि सावलीला खोटं बोलता येत नाही. चित्र पुरं झालं की केरू कागद फिरवायचा, आणि समोर कुणीतरी कायमचं गेलेलं माणूस बसलेलं असायचं. त्या फिरवण्याच्या क्षणाचं त्याला पूर्वी सुख वाटे. अलीकडे वाटेनासं झालं होतं.

ज्या एका माणसाचं तोंड त्याला काढायचं होतं, तिचा फोटो नव्हता. तुळसाचा, त्याच्या बायकोचा, फोटो काढायला कधी कुणाला सुचलंच नाही. लग्न झालं, तो दोनचार महिने घरी राहिला, मग मुंबईला पडदे रंगवायला गेला, शिमग्याला आला, परत गेला. असा सगळा संसार जोडून पाहिला तर एका पावसाळ्याएवढासुद्धा भरला नसता. तुळसा माहेरी भाट्याला बाळंतपणाला गेली आणि त्यातच संपली. पोर जगली. तार मिळून केरू बोटीने उतरला तेव्हा तिची राख खाडीत जाऊन चुकली होती. तिचं शेवटचं तोंड त्याने पाहिलं नाही, आणि आधीचं होतं ते कधी पुसलं गेलं हे त्याला कळलंही नाही. तिच्या अंगठ्याला काथ्या वळून वळून पडलेला घट्टा त्याला आठवायचा. तांब्यातून पाणी घालताना बांगड्या कोपराकडे सरकायच्या तो आवाज आठवायचा. ओल्या सोडणांचा, नारळाच्या सालींचा, वास तर बाजारात नारळवाल्यांवरून जाताना अजून त्याला थांबवायचा. पण मान वर करून तो तोंडाकडे बघायला गेला की तिथे काही नसायचं. सगळ्या गावाची तोंडं काढून देतो आणि आपल्या बायकोचं ठाऊक नाही, ही लाज त्याने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

राहीला, त्या जगलेल्या पोरीला, मात्र उत्तर द्यावं लागे. ती आजीजवळ भाट्याला राहायची आणि बाजाराच्या दिवशी आजीबरोबर तरीतून खाडी ओलांडून दुकानात यायची. आठव्या वर्षात होती. रंगाच्या डब्यांची झाकणं लावता काढता सहज विचारायची, बाबा, आयशीचं तोंड कसं व्हतं? केरू म्हणायचा, चांगलं होतं. ती म्हणायची, चांगलं म्हंजे कसं? आजीनेही तिला हजारदा सांगितलं असेल, पण आजीच्या सांगण्यात तुळसाचं नाक रडण्यात बुडून जायचं. मग राही पाटीवर आपल्या मनाने बाई काढायची, भोपळ्याएवढं डोकं आणि आत दोन टिंबं, आणि विचारायची, अशी? केरू त्या टिंबांकडे बघून म्हणायचा, अशीच काहीतरी. आता या मुखपृष्ठासाठी पेन्सिल हातात घेतली आणि त्याला पहिल्यांदा कळलं की त्या पोरीकडे निदान टिंबं तरी होती.

आणि काढायची कोण, तर हडळ. संपादकांना काय ठाऊक. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होऊन फिरते, पोराच्या ओढीने घराकडे येते, हे भाट्याला शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुळसाला उचलली तेव्हा घरापासून मसणापर्यंत वाटेवर मोहरी टाकली होती. तिने परत यायचं तर प्रत्येक दाणा वेचत यायचं, तेवढ्यात उजाडतं आणि तिला माघारी जावं लागतं. उंबऱ्यात खिळा ठोकला होता. केरू उतरला तेव्हा तो खिळा नवा कोरा चकाकत होता, आणि मुंबईत चार बुकं वाचलेल्या माणसांत राहून आलेल्या केरूला त्याचा इतका संताप आला की तो सासूशी धड दोन शब्दही बोलला नाही. अडाणी लोक, असं तो मनात म्हणत राहिला. पुढच्या पावसात ती मोहरी रुजली. मसणाच्या वाटेने दोहो अंगांना पिवळी फुलं आली आणि गावच्या बायका तिकडे बघायचं टाळून पाण्याला जाऊ लागल्या. केरूने ती फुलं पाहिली होती. ती छान दिसत होती, आणि छान दिसतात याचं त्याला वाईट वाटलं होतं.

त्याने काम सुरू केलं ते आपल्या नेहमीच्या चलाखीने. फोटो नाही ना, मग फोटो तयार करू. एका कॅलेंडरवरच्या देवीचं नाक घेतलं, कुणा मयत म्हातारीच्या जुन्या फोटोतली हनुवटी घेतली, कपाळ एका सरकारी वकिलाच्या आईचं, डोळे साबणाच्या वेष्टनावरल्या बाईचे. सगळ्यांवर चौकटी पाडल्या, सगळ्यांना डोकं खाली करून टेबलावर मांडलं आणि मुंबईहून आणलेला जाड ड्रॉइंग पेपर, त्याच्याजवळ उरलेला तो एकच चांगला ताव, उलटा लावून तो भरत गेला. अंगावरचं लुगडं सपाट तांबडं केलं, त्यात घड्या नाहीत, पाठ-पोट काही नाही. मागचं आभाळ आणि केस काळे. पावलं उलटी, म्हणून टाचा पुढे. चेहऱ्याला मग पिवळाच रंग राहिला. त्याने चेहरा पिवळ्यात भरला, डोळ्यांखाली काळ्याची पातळ झाक दिली, ओठ कोरे ठेवले. काम करताना तो नेहमीसारखा बिडी ओढत होता आणि शेजारच्या दुकानातल्या गुलाम रसूलशी भिंतीपलीकडून बोटींच्या वेळांबद्दल बोलतही होता. मनात काहीही नव्हतं. भर दुपारी रंग वाळत आला तसा तो उठला, कागदाच्या दोन कडा धरल्या आणि कागद फिरवला.

तुळसा होती. लग्नातल्या हळदीतली, मांडवाखाली पाटावर बसलेली, अंगभर पिवळी, आणि वर बघायचं नाही असं बजावलं असतानाही एकदाच वर बघितलेली. केरूला ते बघणं त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं. उजवी भुवई डावीपेक्षा जराशी वर, आणि ओठ काहीतरी विचारायच्या बेतात असलेले. नाक देवीचं नव्हतं, हनुवटी म्हातारीची नव्हती, कुणाचंही काही नव्हतं, सगळं तिचंच होतं. इतकी वर्षं ज्या जागी काही नव्हतं तिथून ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. केस मोकळे, डोळ्यांखाली काळं आणि टाचा पुढे. त्याला हुंदका यायला हवा होता. त्याऐवजी त्याने काय केलं, तर मागे सरकला आणि रंगाचा डबा लाथेने कलंडवला. मग दुकानाबाहेर येऊन, रस्त्यावर लख्ख उजेडात माणसं जात असताना, दार ओढून घेतलं आणि कडी लावली. गुलाम रसूलने विचारलं, काय झालं. केरू म्हणाला, काही नाही, आत फार उकडतं. कडीवरचा हात त्याला उचलवेना. आपण आपल्या बायकोला भ्यालो हे त्याला नीट समजलं, आणि ते समजल्यावर भीती गेली नाही, फक्त तिच्याबरोबर उभं राहायला शरमही आली.

संध्याकाळपर्यंत तो दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला. तिसऱ्यांदा जाऊन स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. बघता बघता भीतीची धार बोथट झाली आणि त्या जागी एक हाव आली. हे चित्र आपल्याजवळ ठेवायचं. राहीला दाखवायचं, ही बघ, अशी होती. पण दाखवायचं म्हणजे हे असं, मोकळ्या केसांचं आणि उलट्या पावलांचं? गावातली पोरं राहीला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं. आणि न पाठवावं तर दुसरा कागद नाही, बोट उद्या सकाळी, त्यानंतर एखाद-दुसरी असली तर असली. मासिक गेलं, छापलेलं नाव गेलं. आयुष्यभर मयत काका काढायचे आणि कोपऱ्यात सही करायची तीही चौकटीखाली झाकून जायची. मुंबईत आपल्याबरोबर पडदे रंगवणारी माणसं आता सिनेमाच्या पाट्या रंगवतात, मोटारीतून फिरतात, असं कुणी सांगितलं की केरूला दोन दिवस जेवण जायचं नाही. पाठवलं तर हीच तुळसा मुंबईच्या नाक्यानाक्यावर दोरीला टांगली जाईल आणि लोक म्हणतील, काय भयंकर तोंड आहे. तिचा भाऊ परळला गिरणीत होता. तोही बघेल. बोट सुटायच्या आत हिचं काय करायचं ते ठरवणं भाग होतं, आणि केरूला कुठलीच एक गोष्ट धरवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की हवा बरी नाही, बोट दुपारनंतर लागेल. बाजाराचा दिवस होता. गोदा, म्हणजे तुळसाची आई, डोक्यावर नारळाची हातभर उंच पाटी घेऊन आली. राही तिच्यामागून आली आणि नेहमीप्रमाणे गुलाम रसूलच्या दुकानात गोळ्यांच्या बरण्यांपाशी रेंगाळली. केरूला चित्र झाकायला सुचलं नाही. गोदाने पाटी उतरवली, पदराने मान पुसली, वर बघितलं आणि तशीच उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. पुढे झाली आणि तुळसाच्या गालाला बोट लावलं. रंग अजून पुरता सुकला नव्हता, तिच्या बोटाला पिवळं लागलं.

‘हिचे केस बांदा,’ ती म्हणाली.

केरूने तिला समजावून सांगितलं की हे सिनेमाचं आहे, भुताचं आहे, केस मोकळेच लागतात. बोलताना आपला आवाज दुकानदाराचा झाला आहे हे त्याला ऐकू येत होतं. गोदाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मुंबैस धाडताव हिला?’

केरू ब्रश पुसू लागला.

‘जिती असताना हिला दारातली कोंबडी पन कदी भ्याली नाय,’ गोदा म्हणाली. ‘आता समदी भितील.’

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. आणि मग, जणू नारळांचा भाव सांगावा अशा आवाजात, तिने केरूला ते सांगितलं जे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मोहरी तिनेच टाकली होती. घरच्या बाईने टाकायची असते म्हणून टाकली, गावासाठी टाकली, गाव अंगावर यायला नको म्हणून. पण तुळसाचा बारावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिने उंबऱ्यातला खिळा कोयत्याने उपटून काढला. दार उघडं ठेवून ती पोरीला मांडीवर घेऊन बसायची. ‘म्हटलं येव दे. पोरीला बगून तरी जाईल. नाय आली.’ बोटाला लागलेला पिवळा रंग ती अंगठ्याने चोळत होती. ‘आनि ही राही भर दुपारची केगदीच्या बनात, त्या केवड्यात, जाऊन बसते. पोरं बोलतात ना, तुजी आय तितं हाय म्हनून. कुनी भ्यालं तर घराकडं पळेल, ही तिकडंच जाते. मी किती मारली. बोलते, मला तिचं तोंड बगायचंय.’

केरू संतापला होता त्या खिळ्यावर, आणि ज्या बाईला तो अडाणी म्हणत होता तिने तो कधीच उपटून टाकला होता. भ्याला कोण, तर तो. ज्याचा भुतांवर विश्वास नव्हता तो. तेवढ्यात राही दारात आली आणि म्हणाली, बाबा, मी बगू? केरूने पुढचा मागचा विचार न करता चित्र भिंतीकडे तोंड करून फिरवलं. ‘रंग ओला आहे,’ तो म्हणाला. ‘पुढच्या बाजाराला बघ.’ राहीने त्याच्याकडे आणि कागदाच्या कोऱ्या पाठीकडे आळीपाळीने पाहिलं, आणि हट्ट केला नाही. गोदाने पाटी डोक्यावर घेतली. जाताना ती एवढंच म्हणाली, ‘तुमी तिचे घरधनी. तुमी ठरवा.’

त्या दोघी गेल्यावर केरूने तुळसाचे केस बांधायला घेतले. अगदी खरोखर त्याने तसंच ठरवलं होतं. कपाळाच्या कडेला काळा लावून केस चापून बसवायचे, कानामागे न्यायचे, अंबाडा घालायचा, मग पावलं सुलटी करायची आणि चित्र ठेवून द्यायचं. बोट गेली तर जाऊ दे. पहिला फटका त्याने उजव्या कानशिलावर मारला, तो जरा जास्त आत आला. तो सावरायला दुसरा मारला, तो भुवईवर आला. ती वर चढलेली भुवई निम्मी झाकली गेली आणि केरूला विचित्र हलकं वाटलं. बघणं कमी झालं होतं. त्याने तिसरा फटका मारला तेव्हा तो चुकला नव्हता. हिला लोकांच्या नजरेपासून झाकतो आहोत, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. बोट गाठायची आहे, हेही खोटं नव्हतं. आणि ती बघते ते सोसत नाही, हे तर सगळ्यात खरं होतं. हात चालत राहिला. कपाळ गेलं, एक डोळा गेला, गोदाचं बोट लागून फिकट झालेला गाल गेला. दुसऱ्या डोळ्यापाशी केरू थांबला. तोंडातल्या तोंडात तिचं नाव घेतलं. मग तोही झाकला. ओठ शेवटी गेले.

मागे सरून त्याने पाहिलं. डोक्यापासून कमरेपर्यंत नुसता काळा केससंभार होता, म्हणजे बाई आता पाठमोरी झाली होती. टाचा आधीच पुढे होत्या. पाठमोऱ्या बाईच्या टाचा बघणाऱ्याच्या पुढेच असायच्या, त्यात उलटं काही नव्हतं. पावलं आपोआप सुलटी झाली होती. हडळ निघून गेली होती आणि एक साधी बाई तांबडं लुगडं नेसून काळोखात चालत चालली होती. पुन्हा हडळ करायची तर पावलं बदलायला हवीत हे केरूला कळलं. त्याने बदलली नाहीत. कोपऱ्यात सही केली. गुलाम रसूल पार्सल मांडवीच्या धक्क्यावर न्यायला आला तेव्हा त्याने चित्र पाहिलं. मग म्हणाला, हे असं तोंड न दाखवणं फार भयाण आहे, तोंड असतं तर माणूस एवढा भ्याला नसता. केरूने दोरीला गाठ मारली. होडी पार्सल घेऊन बोटीकडे गेली तेव्हा त्याने धक्क्यावरून ते तोंड आठवून पाहिलं. कालच पाहिलेलं, आपल्या हाताने काढलेलं. बांगड्या आठवल्या, अंगठा आठवला.

अंक श्रावणात आला, घाटावरून मोटारीच्या टपालाने. संपादकांनी लिहिलं होतं की चेहरा लपवण्याची युक्ती कंपनीला अतिशय पसंत पडली, पुढच्या बोलपटाचंही काम आपल्यालाच. कोपऱ्यात नाव होतं, ठसठशीत. केरूने ते एकदा पाहिलं आणि त्याला काहीच वाटलं नाही, याचंही फार वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी राही आली. खाडी चढलेली, तरीत भिजली होती, केसांतून पाणी गळत होतं. आजीने चित्र पाहिलं त्याच दिवशी परतताना तरीत तिला सांगून टाकलं होतं की तुझ्या बापाने तुझ्या आयशीचं चित्र काढलंन. तेव्हापासून ती प्रत्येक बाजाराला विचारत होती आणि केरू अंक येऊ दे म्हणत होता. आता तो अंक तिने दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला आणि चित्राकडे पाहत राहिली. ती घाबरली नाही. तिने काळ्या केसांवरून हात फिरवला. मग तिने कव्हर उलटलं, तोंड मागच्या बाजूला असणार म्हणून.

मागच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात होती. कुणी एक बाई, गोबऱ्या गालांची, अंबाड्यात गजरा माळलेली, दात दाखवून हसत होती.

राहीने मान वर करून बापाकडे पाहिलं. ‘ही?’

केरूने तोंड उघडलं. सांगायला काय होतं? तुझी आई त्या काळ्याच्या खाली आहे, मुंबईच्या कुठल्या छापखान्यात धूळ खात, आणि ती अशी मुळीच नव्हती. मग कशी होती, असं ती विचारणार. गोदा दारात उभी होती. तिने जाहिरात पाहिली, केरूकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून रस्त्याकडे वळली.

‘होय,’ केरू म्हणाला.

राही त्या बाईकडे खूप वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की केरूला तिकडे बघवेना. मला कापून द्या, ती म्हणाली, मी दप्तरात ठेवेन, आता मी केगदीत जायची नाय. केरूने कात्री घेतली आणि बाईच्या तोंडाभोवती गोल कापत गेला. कागद पातळ होता, हात स्थिर होता. राहीने तो तुकडा तळहातावर घेऊन एकदा मागेपुढे करून पाहिला. मागे नुसतं काळं होतं. मग ती बाई वर येईल असा तो धरून ती आजीच्या मागून पावसात गेली, आणि केरूच्या हातात चित्र राहिलं, त्याला डोकं नव्हतं.